मधाची जिवाणूरोधक क्षमता : प्रयोगशाळेतील वर्तुळाचा अर्थ

जखमेवर मध लावण्याची प्रथा प्राचीन आहे. मात्र ‘जिवाणूरोधक मध’ म्हणून विक्री करताना हा गुण प्रयोगशाळेत कसा तपासला जातो, हे मधपाळांनी व विस्तार कार्यकर्त्यांनी समजून घेणे आवश्यक आहे.

चाचणीसाठी पेट्री डिशमध्ये म्यूलर-हिंटन आगराचा सुमारे ४ मि.मी. जाडीचा थर ओततात. त्यावर स्टॅफिलोकोकस ऑरियससारख्या जिवाणूचे ठरावीक घनतेचे द्रावण समप्रमाणात पसरवतात. आगरात पाडलेल्या खळग्यांत मधाचे द्रावण भरून डिश सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमानात १८ ते २४ तास ठेवतात. मध आगरात झिरपतो आणि जिवाणूंची वाढ रोखली गेल्यास खळग्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये नोंदवतात.

हे वर्तुळ नेमके कशामुळे उमटले, हा खरा प्रश्न आहे. मधातील दाट साखर जिवाणूंतील पाणी शोषून घेते. आम्लताही त्यांना मारक ठरते. शिवाय मध पातळ होताच मधमाशीच्या ग्रंथींतून त्यात आलेले ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते. म्हणून तुलनेसाठी एका खळग्यात तितक्याच साखरेचे द्रावण, तर दुसऱ्यात कॅटलेज एन्झाइम मिसळलेला मध ठेवतात. साखरेनेही तितकेच वर्तुळ दिल्यास मधाचा वेगळा गुण सिद्ध होत नाही. कॅटलेज पेरॉक्साइडचे विघटन करते. त्यामुळे वर्तुळ नाहीसे झाल्यास परिणाम पेरॉक्साइडचा होता, हे कळते. न्यूझीलंडच्या मानुका मधाची क्षमता मात्र मिथाइलग्लायऑक्झालमुळे कॅटलेजनंतरही टिकते.

केवळ व्यासावरून दोन पदार्थांची तुलना करणे योग्य नव्हे. प्रोपोलिसमधील अनेक घटक पाण्यात नीट विरघळत नाहीत व आगरात कमी पसरतात; त्यामुळे गुण असूनही वर्तुळ लहान दिसू शकते. यासाठी पदार्थ टप्प्याटप्प्याने विरल करून जिवाणूंची वाढ रोखणारी किमान मात्रा निश्चित करतात.

ग्लुकोज ऑक्सिडेज उष्णता व प्रकाश यांमुळे निष्प्रभ होते. त्यामुळे तपासणीचा नमुना न तापवलेला व गडद रंगाच्या बाटलीत असावा; मध काढल्याची तारीख व फुलोऱ्याची नोंद सोबत द्यावी.

प्रयोगशाळेतील वर्तुळ म्हणजे उपचाराची हमी नव्हे. मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून वैद्यकीय वापराचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. खाण्याचा मध केवळ अशा चाचणीच्या आधारे जखमेचे औषध म्हणून विकणे ग्राहकाच्या आरोग्यास धोकादायक ठरू शकते.