हजार लिटर पाण्याचा निबंध

डिसेंबर जवळ आला की माझ्या टेबलावर निबंधांचे गठ्ठे येऊन पडतात. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. शाळांमध्ये स्पर्धा असतात आणि मराठी शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे डोंबिवलीतले ओळखीचे शिक्षक तपासायला माझ्याकडे पाठवतात. सुरुवातीला सूर्याचे आभार, मग कोळसा संपत चालल्याची चिंता आणि शेवटी सगळ्यांनी मिळून घ्यायची शपथ. मुलं मनापासून लिहितात. ही चौकट त्यांची नाही, आम्ही मोठ्यांनी त्यांच्या हातात दिलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीनं ती मोडली. तिच्या इमारतीवरची टाकी रोज सकाळी भरून वाहायची. तिनं विचारलं होतं, वाया जातं ते पाणी की वीज? उत्तर तिला देता आलं नव्हतं, पण तिला मी पहिला क्रमांक दिला आणि उत्तर शोधायला स्वतः बसलो.

हिशेब शाळेतल्याच गणिताचा आहे. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो वजन. ते सात मजले, म्हणजे वीस-एक मीटर वर चढवायचं. पंपात निम्मी शक्ती वाया जाते असं धरलं तरी साधारण एक दशांश युनिट वीज लागते. रोज वीस हजार लिटर चढवणाऱ्या सोसायटीला दिवसाला दोन युनिटांच्या थोडं वर. म्हणजे टाकीवरून ओघळणाऱ्या पाण्यात वीजही ओघळत असते. मुलीचा प्रश्न अगदी नेमका होता.

पण हे पाणी येतं कुठून? कल्याण-डोंबिवलीचं बरंचसं पाणी उल्हास नदीतून उचललेलं असतं. पावसाळा संपला की कोकणातल्या नद्या आटतात, उल्हास मात्र वाहत राहते. त्याचं मोठं कारण सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. टाटांनी आंध्रा खोऱ्यात ठोकरवाडीला धरण बांधलं आणि १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. घाटमाथ्यावर अडवलेलं, एरवी पूर्वेकडे गेलं असतं असं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि मग उल्हासला मिळतं. पाचशे मीटरवरून पडणारं हजार लिटर पाणी एक युनिटाहून थोडी अधिक वीज देतं. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यातल्या पुष्कळ थेंबांनी आधी मुंबईचे दिवे लावलेले असतात, मग ते बदलापूर, अंबरनाथ करत आपल्यापर्यंत येतात. डोंबिवलीतल्या किती मुलांना हे कोणी सांगितलं आहे?

आणि हे सांगायचं तर मुळशीही सांगायला हवी. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७ असा टाटांच्या जलविद्युत केंद्रांचा क्रम. भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या मुळशीच्या धरणात मावळातली गावं आणि भातशेतं बुडणार होती. १९२१ च्या रामनवमीला तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. धरण झालं, गावं बुडाली. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, तिची किंमत मावळानं मोजली. 'राष्ट्राचा विकास' हे दोन शब्द लिहिणाऱ्या मुलाला हा हिशेब ठाऊक असला पाहिजे असं मला फार वाटतं, आणि तो त्याला पेलणार नाही असं मानणं मला मान्य नाही.

ठाकुर्लीच्या मुलांना तर विषयासाठी घाटही चढायला नको. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. रेल्वेला स्वतःची वीज हवी होती, म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं ठाकुर्लीला चोळे गावाजवळ कोळशावरचं वीजघर उभारलं. ते १९२९ मध्ये सुरू झालं, आणि त्याच वर्षी पुण्यापर्यंत विजेची गाडी पोचली. चोळे पॉवर हाऊस बंद पडून कित्येक वर्षं झाली, पण जुने डोंबिवलीकर अजून त्या बाजूला 'पॉवर हाऊस'च म्हणतात. आपल्या गाडीला वीज कुठून यायची, हे त्या नावामागे शोधत गेलेल्या मुलाच्या निबंधाला सूर्याच्या आभारांची गरज पडणार नाही.

२०१४ च्या १ ऑगस्टला पालघर वेगळा होईपर्यंत तारापूरही आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथे १९६९ मध्ये सुरू झालं. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवावी लागली. पुन्हा तोच हिशेब.

याच्याशी ताडून पाहावी अशी गोष्ट फिलिपिन्समध्ये आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्यांनी बतानला अणुवीज केंद्र बांधायला घेतलं आणि १९८४ पर्यंत ते उभंही केलं. पण भूकंपाची भीती, भ्रष्टाचाराचे आरोप, राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांची गेलेली सत्ता आणि त्यानंतर चेर्नोबिलचा अणुअपघात. इंधन कधी भरलंच गेलं नाही, एक युनिटही तयार झालं नाही. तिथली मुलं देशाच्या ऊर्जेविषयी निबंध लिहितात तेव्हा बतानचं काय करायचं हा प्रश्न त्यांच्यासमोर असतोच. तरुणांनी देशाविषयी लिहायची त्यांची परंपरा जुनी आहे. १८७९ मध्ये मनिलातल्या एका साहित्य स्पर्धेत अठरा वर्षांच्या होसे रिझालला फिलिपिनी तरुणाईला उद्देशून लिहिलेल्या कवितेबद्दल पहिलं बक्षीस मिळालं. स्पेनच्या वसाहतीत 'आपला देश' म्हणजे फिलिपिन्स, असं तो विद्यार्थी लिहीत होता. १८९६ मध्ये स्पॅनिश सरकारनं त्याला गोळ्या घातल्या.

आपल्याकडेही विद्यार्थ्यांच्या निबंधांना असं वजन एके काळी होतं. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांच्या मंडळाची मराठी शाखा म्हणून ज्ञानप्रसारक सभा निघाली. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. विद्यार्थी आणि नुकतेच शिकून बाहेर पडलेले तरुण तिथे मराठीतून निबंध वाचत, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिक निघू लागलं. ठाण्याला रेल्वे यायच्या आधीची ही गोष्ट. शास्त्र, व्यापार, इतिहास, कशाचीही भीड न बाळगता मराठीत मांडायचं, ही त्यांची जिद्द होती.

ती जिद्द आज मला राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत दिसते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात दहा ते सतरा वर्षांची मुलं लहान गट करतात, आपल्या परिसरातला एक प्रश्न निवडतात, मोजमाप करतात आणि अहवाल लिहितात. महाराष्ट्रात या कामाच्या संयोजनाची धुरा ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टनं सांभाळली. २०१२ आणि २०१३ या दोन वर्षी मुख्य विषय ऊर्जाच होता: ती शोधणं, वापरणं आणि जपणं. अशा अहवालात 'विजेची बचत करावी' एवढ्यावर भागत नाही. साठ वॅटचा बल्ब काढून नऊ वॅटचा एलईडी लावला, तो रोज पाच तास चालला, तर वर्षाला नव्वद युनिटांच्या वर वाचतात, हे मांडून दाखवावं लागतं. आकडा स्वतः काढला की वाक्यं आपोआप लहान आणि खरी होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

शेवटी एक विषय माझ्याकडून. फिलिपिन्सनं १९७९ मध्ये तिवी इथे जमिनीखालच्या उष्णतेवर मोठं वीज केंद्र सुरू केलं, आणि आज त्या देशाची दहा टक्क्यांच्या आसपास वीज भूगर्भातल्या उष्णतेतून येते. आपल्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथे आंघोळ करून आलेली कितीतरी मुलं आपल्या वर्गात बसलेली असतात. फिलिपिन्सखाली जागे ज्वालामुखी आहेत, आपल्याखाली थंड झालेला जुना काळा कातळ. मग आपलं पाणी गरम का, आणि त्यातून वीज मिळेल का, की फक्त भाजी सुकवण्यापुरती ऊब?

यंदा शिक्षकांना मी विनंती केली आहे की 'काळाची गरज' हा मथळा बाजूला ठेवा. मुलांनी फळ्यावरून विषय उतरवून घेतला आहे: 'माझ्या घरी आलेलं हजार लिटर पाणी'. सोबत घरचं वीजबिल आणि सोसायटीच्या पंपाच्या मीटरचं आठ दिवसांचं रीडिंग जोडायचं आहे. दिवाळीच्या सुटीत जिन्याखालच्या मीटरपाशी वही घेऊन उभं असलेलं एखादं मूल दिसलं, तर त्याला झाकण उघडून द्या.