पराभवाची इच्छा

१९८५ सालीं नोकरीनिमित्त मी बोस्टनला गेलों आणि तेथील 'सेल्टिक्स' या बास्केटबॉल-संघाचा भक्त झालों. पुढल्याच वर्षीं लॅरी बर्ड व त्याच्या सोबत्यांनीं अजिंक्यपद मिळविलें. हें वैभव अक्षय आहे असें वाटलें. पण १९९२ सालीं बर्ड निवृत्त झाला, १९९३ सालीं तरुण कर्णधार रेजी लुइस वारला, आणि १९९६-९७ च्या हंगामांत ८२ पैकीं अवघे १५ सामने जिंकले गेले.

२००६-०७ मध्यें तर लागोपाठ १८ पराभव झाले. नव्या खेळाडूंच्या निवडीचा पहिला मान सोडतींत तळच्या संघाला मिळण्याचा संभव अधिक. म्हणून आपलाच संघ हरावा, अशी इच्छा मी करूं लागलों! बारा वर्षांच्या मुलानें विचारलें, "बाबा, मग आपण त्यांचे कसे हो?" मी निरुत्तर झालों. सोडतींत पांचवा क्रमांक आला.

उद्धार झाला तो देवघेवीनें. तो पांचवा हक्क व दोन खेळाडू देऊन रे ॲलन, आणि पांच खेळाडू व पुढील दोन हक्क देऊन केव्हिन गार्नेट आणला. १९९८ पासून संघांत टिकलेला पॉल पिअर्स होताच. २००८ सालीं, २२ वर्षांनीं, अजिंक्यपद परत आलें. मुलगा आनंदानें नाचला. माझ्या आनंदाला मात्र त्या इच्छेची लाज चिकटून राहिली.