विस्कळीत अँटेनांची शिस्त

पश्चिम ऑस्ट्रेलियातील मर्चिसन परिसरात ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ या रेडिओ दुर्बिणीचा कमी वारंवारतेचा भाग उभा राहत आहे. त्यात फिरती तबकडी एकही नाही. नाताळच्या झाडासारखे दिसणारे, दोन मीटर उंचीचे १,३१,०७२ अँटेना हेच या दुर्बिणीचे डोळे होत. २५६ अँटेनांचे एक केंद्र, अशी ५१२ केंद्रे नियोजित आहेत. मार्च २०२५ मध्ये पहिल्या चार केंद्रांनी टिपलेली आकाशाची प्रतिमा प्रसिद्ध झाली. नवल म्हणजे केंद्रातील अँटेना रांगेत नसून हेतुपुरस्सर वेडेवाकडे विखुरलेले आहेत.

यामागे कारण आहे. ही दुर्बीण ५० ते ३५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करते. म्हणजे तरंगलांबी ६ मीटरपासून सुमारे ८६ सेंटिमीटरपर्यंत बदलते. समान अंतरावरील अँटेनांमधील अंतर तरंगलांबीएवढे किंवा अधिक झाले, की मुख्य दिशेइतकीच संवेदनक्षमता भलत्या दिशांनाही निर्माण होते. अनियमित मांडणीत हा दोष एका जागी न साचता सर्वत्र विरळ पसरतो.

मात्र त्याची किंमत मोजावी लागते. शेजारचे अँटेना परस्परांवर प्रभाव टाकतात आणि येथे प्रत्येकाचा शेजार निराळा. त्यामुळे एकाचे वर्तन दुसऱ्यास लागू पडत नाही. प्रत्येक अँटेनाच्या दोन ध्रुवणांचा विचार करता एका केंद्रासाठी, प्रत्येक वारंवारतेला, ५१२ वेगवेगळे आकृतिबंध काढावे लागतात. त्यासाठी धातूच्या भागांचे संगणकात सूक्ष्म तुकडे पाडून प्रत्येकातील विद्युतप्रवाह एकत्रित समीकरणांनी सोडवला जातो.

हे प्रारूप खरे कशावरून? सुमारे ३८ मीटर व्यासाचे केंद्र प्रयोगशाळेत मावणारे नाही. म्हणून प्रक्षेपक बसवलेले ड्रोन त्यावरून उडवून एकेका अँटेनाचा प्रतिसाद मोजतात. संपूर्ण केंद्राची थेट मोजणी करायची, तर ३५० मेगाहर्ट्झला ड्रोन तीन किलोमीटरहून अधिक दूर न्यावे लागेल. तेथे सूर्य आणि आकाशगंगेची रेडिओ प्रभा हीच कसोटी ठरते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. विश्वातील पहिल्या ताऱ्यांच्या काळातील हायड्रोजनचा संकेत आकाशातील इतर रेडिओ प्रारणांपेक्षा हजारो पटींनी क्षीण आहे. प्रारूपातील किंचित चूकही खोटा संकेत भासवू शकते. याच मर्चिसन परिसरातील ‘एजेस’ प्रयोगाने २०१८ मध्ये असा संकेत मिळाल्याचे जाहीर केले. पण बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या ‘सारस-३’ अँटेनाला, कर्नाटकातील जलाशयांवर तरंगत ठेवूनही, तो आढळला नाही. हा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारत २०२४ मध्ये या प्रकल्पाचा सदस्य झाला असून पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र त्यात सहभागी आहे. उद्या तेथून एखादा मोठा शोध जाहीर झाला, तर त्याची विश्वासार्हता या किचकट पडताळणीवरच अवलंबून असेल.