भोंग्याच्या गाडीतला फ्यूज

आपल्या बऱ्याच बचत गटांचा माल आता गाडीतून बाजाराला जातो. गाडीवर भोंगा, आत अँप्लिफायर, आणि त्याची वायर थेट गाडीच्या बॅटरीवरून. आज या वायरीतल्या फ्यूजबद्दल बोलू. काम मिस्त्री करतो, पण गाडीत आपली माणसं बसतात.

बॅटरी १२ व्होल्टची, हात लावला तरी शॉक बसत नाही. मग भीती कसली? भीती आगीची. २४० वॅटचं यंत्र घरच्या २३० व्होल्टवर जेमतेम १ अँपिअर करंट घेतं. १२ व्होल्टवर तेवढ्याच वॅटला २० अँपिअर लागतात. वायर पत्र्याला घासून सोलली, तर बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर सोडते. वायर तापते, वरचं प्लॅस्टिक पेटतं.

"अँप्लिफायरला फ्यूज असतोच की!" असतो, पण तो यंत्राला सांभाळतो. बॅटरीपासून यंत्रापर्यंतची वायर मोकळीच राहते. विहिरीपासून शेतापर्यंत पाइप टाकला आणि कॉक फक्त शेताच्या टोकाला बसवला, तर मध्ये पाइप फुटल्यावर तो कॉक काय कामाचा? म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ हवा, एका हाताच्या आत, म्हणजे साधारण १८ इंचांत.

फ्यूज केवढा? यंत्राच्या फ्यूजवरचा आकडा बघा. समजा २० आहे. तर वायर २० अँपिअरपेक्षा जास्त सहज झेपणारी, तांब्याची घ्या आणि बॅटरीजवळ २० किंवा २५ चा फ्यूज लावा. फ्यूजचा आकडा वायरीच्या ताकदीपेक्षा मोठा कधीच नको. पुढे वायर फुटून बारीक झाली, तर तिथे तिच्या मापाचा वेगळा फ्यूज हवा.

चपट्या फ्यूजचा रंग लक्षात ठेवा: १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा.

फ्यूज उडाला, तर त्यात सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तार घालू देऊ नका. मोठा फ्यूजही नको. आधी वायर कुठे सोलली ते शोधा. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबर बसवून घ्या. कामाआधी बॅटरीचं मायनस टोक काढायला सांगा, ते शेवटी लावायचं.

मिस्त्रीचे पैसे देण्याआधी बॉनेट उघडून विचारा: फ्यूज कुठे आहे, किती अँपिअरचा आहे, आणि वायर किती अँपिअरची आहे? तिन्ही उत्तरं गटाच्या वहीत लिहा. जादा फ्यूज गाडीत ठेवा.