चौसष्ट घरांची शाळा

जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बातुमी या शहरी महिलांची विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धा पार पडली. अंतिम फेरीत समोरासमोर बसलेल्या दोन्ही खेळाडू भारतीय होत्या. अनुभवी कोनेरू हंपी यांना नमवून नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख हिने विश्वचषक जिंकला आणि याच विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. नागपूरचे रौनक साधवानी व संकल्प गुप्ता आणि अमरावतीचे स्वप्नील धोपाडे यांनी हा किताब तिच्या आधीच मिळविलेला होता. बुद्धिबळ हा केवळ मुंबई-पुण्याचा खेळ राहिलेला नाही, याची साक्ष विदर्भातील या तरुण खेळाडूंनी दिली आहे.

तथापि नागपूर आणि अमरावती ही मोठी शहरे होत. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या मुलाला या खेळाची गोडी लागली, तर त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न वेगळा आहे. कापसाच्या बाजारपेठेचे हे गाव यवतमाळपासून दारव्हामार्गे सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावर आहे. भोवताली कोरडवाहू शेतकऱ्यांची खेडी आहेत, बंजारा समाजाचे तांडे आहेत. पट आणि मोहरे ही काही महागडी वस्तू नव्हे. ती येथील मुलालाही मिळू शकते. सहजासहजी मिळत नाहीत त्या तीन गोष्टी: शिकविणारा जाणता माणूस, बरोबरीचा प्रतिस्पर्धी आणि दर आठवड्याला एकत्र बसण्याची जागा. महाराष्ट्रात या तीन गोष्टी पुरविण्याचे काम प्रामुख्याने लहानमोठ्या मंडळांनी व स्वयंसेवी संस्थांनी केले आहे. त्यांनी ते कसे केले आणि त्यातून मुलांना नेमके काय लाभले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मंडळांची परंपरा

बुद्धिबळाचे महाराष्ट्राशी असलेले नाते जुने आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी या खेळावर संस्कृतात रचना केली आणि त्यावरील इंग्रजी पुस्तक १८१४ साली मुंबईत छापले गेले. त्या काळी वाड्यावाड्यांतून खेळल्या जाणाऱ्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरकत असे. पुढे आंतरराष्ट्रीय नियम रूढ झाले आणि खेळ वाड्यातून मंडळात आला.

या स्थित्यंतरात सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचा वाटा मोठा आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ साली हे मंडळ स्थापन केले. मोठ्या उद्योगाचा अथवा महानगराचा आधार नसलेल्या गावात त्यांनी मुलामुलींना पटाशी बसविले, त्यांच्यासाठी स्पर्धा भरविल्या आणि हा क्रम वर्षानुवर्षे खंड न पडू देता चालविला. पद्मश्री किताबाने गौरविल्या गेलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे आणि महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे या सांगलीच्याच परंपरेतील खेळाडू होत. त्यांची नावे सर्वांना ठाऊक झाली. परंतु मंडळाच्या कार्याचे मोल केवळ अशा नावांनी मोजता येणार नाही. ज्यांना कधीही किताब मिळाला नाही, अशी कितीतरी मुले त्या पटावर विचार करण्यास शिकली, हे त्याचे खरे फलित होय.

मुलींच्या बाबतीत तर घराने व समाजाने दिलेल्या पाठिंब्याला विशेष महत्त्व आहे. मुंबईच्या वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनींचे उदाहरण बोलके आहे. १९७४ साली झालेली पहिली राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. जयश्री खाडिलकर १९७९ साली महिला इंटरनॅशनल मास्टर झाल्या. हा किताब मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा त्यास हरकत घेण्यात आली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी दिला. रोहिणी खाडिलकर यांनी पुढे १९८१ साली आशियाई महिला विजेतेपद पटकाविले. मुलगी मुलांबरोबर एकाच पटावर बसू शकते, हे आज साधे वाटणारे तत्त्व असे झगडून प्रस्थापित करावे लागले आहे.

डोळ्यांविना खेळला जाणारा डाव

स्वयंसेवी कार्याचे आणखी एक उल्लेखनीय उदाहरण म्हणजे अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघ. स्वतः दृष्टिहीन असलेले चारुदत्त जाधव यांनी १९९० नंतरच्या दशकात मुंबईतून या कार्याची उभारणी केली.

अंध खेळाडूंचा पट वेगळा असतो. त्यातील काळी घरे पांढऱ्या घरांपेक्षा किंचित उंच असतात. प्रत्येक घराच्या मध्यभागी छिद्र असते आणि मोहऱ्यांच्या तळाशी असलेली खुंटी त्यात बसते, त्यामुळे हात फिरविताना मोहरे कलंडत नाहीत. एका रंगाच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टाचणीसारखे टोक असते, त्यावरून आपले व परके मोहरे बोटांना ओळखता येतात. डोळस खेळाडूशी सामना असेल, तर दोघे आपापल्या स्वतंत्र पटावर खेळू शकतात आणि प्रत्येक चाल मोठ्याने उच्चारली जाते. एवढी सोय केली, की खेळाच्या मूळ नियमांत फारसा बदल करावा लागत नाही. अंध मुलगा डोळस मुलाशी बरोबरीच्या नात्याने झुंजू शकेल, असे खेळ फार थोडे आहेत. बुद्धिबळ त्यांपैकी एक आहे. २०२३ साली हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धांत भारताच्या दृष्टिहीन बुद्धिबळपटूंनी सुवर्णपदके मिळविली, त्यामागे या दीर्घ परिश्रमांची पुण्याई आहे.

शिकविण्याची रीत

सर्व मोहरे एकदम मांडून सगळे नियम एका दमात सांगितले, तर नवखी मुले गोंधळून जातात. म्हणून अनेक जाणते शिक्षक केवळ प्याद्यांपासून प्रारंभ करतात. दोन्ही बाजूंना आठ-आठ प्यादी मांडावयाची. ज्याचे प्यादे पलीकडच्या शेवटच्या ओळीत आधी पोहोचेल, तो विजयी. एवढ्या लहानशा खेळातून प्याद्याची सरळ चाल आणि तिरका मार मुलांच्या अंगवळणी पडतो. शिवाय घाईने पुढे दामटलेले प्यादे एकटे पडते व मारले जाते, हा धडाही ती आपोआप गिरवितात. त्यानंतर हत्ती, उंट, वजीर आणि राजा यांचा परिचय करून दिला जातो. अडीच घरांची उडी घेणारा घोडा बहुधा शेवटी येतो. शह म्हणजे काय, मात केव्हा होते, आणि शह नसतानाही खेळणाऱ्याला कोणत्याच मोहऱ्याची नियमानुसार चाल उरली नाही तर डाव बरोबरीत का सुटतो, हे भेद मुलांना अवगत होण्यास काही आठवडे लागतात.

पुढील टप्पा चालींची नोंद ठेवण्याचा. पटाच्या उभ्या ओळींना अक्षरे आणि आडव्या ओळींना १ ते ८ हे अंक दिलेले असतात. त्यामुळे प्रत्येक घराला स्वतःचे नाव मिळते. नोंद ठेवणारे मूल आलेखाचा पाठ वर्गात येण्यापूर्वीच एखाद्या बिंदूचे स्थान दोन खुणांनी सांगण्यास शिकते.

या खेळातील शिस्तही ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या मोहऱ्यास हात लावला, तेच चालवावे लागते. डावापूर्वी व डाव संपल्यावर हस्तांदोलन करावयाचे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डाव संपल्यावर दोघांनी मिळून तो पुन्हा मांडून पाहावयाचा असतो. येथे पराभवाचे खापर पंचावर, मैदानावर अथवा दैवावर फोडता येत नाही. चूक कोणत्या चालीला झाली, हे वहीतील नोंदच सांगते. जिंकलेला मुलगा हरलेल्या मुलाला त्याची चूक दाखवीत आहे आणि हरलेला ती शांतपणे ऐकून घेत आहे, हे दृश्य ज्या वर्गात नित्य दिसते, तेथे शिक्षण होत आहे असे खुशाल समजावे.

गुण वाढतात काय?

पालकांचा पहिला प्रश्न साहजिकच परीक्षेतील गुणांविषयी असतो. बुद्धिबळाने गणित सुधारते, असा दावा अनेक ठिकाणी केला जातो. या दाव्याची कसोशीने तपासणी इंग्लंडमध्ये झाली. शाळाशाळांतून बुद्धिबळ शिकविणाऱ्या तेथील एका धर्मादाय संस्थेचा उपक्रम शंभर प्राथमिक शाळांतील सुमारे चार हजार मुलांच्या साहाय्याने अभ्यासण्यात आला. निम्म्या शाळांत नऊ-दहा वर्षांच्या मुलांना तीस आठवडे, दर आठवड्यास एक तास याप्रमाणे बुद्धिबळ शिकविले गेले. वर्षभरानंतर परीक्षा घेतली असता गणितात, वाचनात अथवा विज्ञानात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१६ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी साला व गोबे या संशोधकांनी अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात गणितावर काहीसा अनुकूल परिणाम दिसला. परंतु हा परिणाम बुद्धिबळाचाच, की नवा उपक्रम व अधिक लक्ष मिळाल्याचा, हे बऱ्याच अभ्यासांतून वेगळे काढता येत नाही, असेही त्यांनी नमूद केले.

यावरून बुद्धिबळ निरुपयोगी ठरते असे मुळीच नाही. आर्मेनियाने २०११ पासून प्राथमिक शाळांत हा विषय सक्तीचा केला आहे. युगांडाची राजधानी कंपाला येथील काट्वे या झोपडवस्तीत रॉबर्ट काटेंडे यांनी मुलांना बुद्धिबळ शिकविण्यास प्रारंभ केला, तेव्हा काही मुले प्रथम तेथे मिळणाऱ्या वाटीभर पेजेसाठी येत असत. त्यांतीलच फिओना मुटेसी ही मुलगी पुढे बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये आपल्या देशाकडून खेळली आणि तिच्या शिक्षणाचा मार्गही खुला झाला. तिला लाभ झाला तो पटाचा आणि त्या पटामागे उभ्या असलेल्या माणसांचाही. तेव्हा गुणवाढीचे आश्वासन देऊन पालकांना आकृष्ट करणे उचित नव्हे. कापसाच्या भावावर ज्याचे वर्षाचे गणित अवलंबून आहे, अशा शेतकऱ्याला खोटी आशा दाखविण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेस नाही. तासभर एका जागी बसण्याची सवय, चाल करण्यापूर्वी थांबून विचार करण्याची सवय, हार पचविण्याची ताकद आणि वेगळ्या वस्तीतील मुलाशी जडलेली मैत्री, एवढे प्रामाणिकपणे सांगितले तरी ते पुरेसे आहे.

दिग्रससारख्या गावी काय करता येईल?

या कार्यास इमारत लागत नाही. शाळेची एक खोली अथवा वाचनालयाचा एक कोपरा पुरतो. बारा पट असले, की चोवीस मुले खेळू शकतात. भिंतीवर टांगावयाचा एक मोठा पट शिकविण्यासाठी असावा. घड्याळे पुढे घेता येतील. शिकविणारा किताबधारी असण्याची आवश्यकता नाही. खेळाची आवड असलेला प्राथमिक शिक्षक अथवा महाविद्यालयीन विद्यार्थी थोड्या प्रशिक्षणाने प्रारंभीचे वर्ष उत्तम रीतीने सांभाळू शकतो. तांड्यावरील ज्या मुलांची घरची बोली वेगळी आहे, त्यांनाही येथे अडचण येत नाही. घोड्याची चाल हाताने दाखविली, की समजते.

मात्र वेळापत्रक गावाच्या जीवनक्रमाशी जुळणारे हवे. शाळा उघडताच वर्ग सुरू केल्यास दिवाळीपूर्वी पहिला टप्पा पूर्ण होऊ शकतो. पुढे कापसाची वेचणी ऐन भरात आली, की कित्येक घरांतील मुले शेतावर गुंततात. काही कुटुंबे कामासाठी स्थलांतर करतात. या दिवसांत अनुपस्थितीबद्दल मुलाचे नाव कमी न करता तो परतताच त्याला पुन्हा पटाशी बसवून घेणे, यातच संस्थेची कसोटी आहे. मुलींसाठी वर्ग दिवस मावळण्यापूर्वी संपावा, हेही तितकेच आवश्यक आहे.

स्पर्धेचा मार्ग शालेय क्रीडा स्पर्धांमधून उपलब्ध आहे. बुद्धिबळाचा या स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत समावेश असून तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा त्याच्या पायऱ्या आहेत. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून त्याची माहिती मिळू शकते. खरी अडचण येते ती प्रवासाची. तालुक्यात जिंकलेल्या मुलास यवतमाळला आणि पुढे अमरावती विभागात जावयाचे, तर भाडे, मुक्काम आणि सोबतीच्या पालकाची बुडणारी मजुरी, असा तिहेरी भार पडतो. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनच्या बसगाड्यांतून महिलांना निम्मे भाडे आकारले जाते. मुलीसोबत तिची आई जाणार असेल, तर या सवलतीचा उपयोग करून घ्यावा. उरलेल्या खर्चासाठी गावाने छोटा प्रवासनिधी उभारल्यास त्याचा विनियोग भव्य चषक व फलक यांवरील खर्चापेक्षा अधिक सार्थकी लागेल.

कार्य स्थिरावल्यावर त्यास कायदेशीर स्वरूप देणे हितावह होय. किमान सात व्यक्तींना एकत्र येऊन १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमान्वये संस्था नोंदविता येते. तसेच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये धर्मादाय कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते. हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. ही औपचारिकता कंटाळवाणी वाटली, तरी देणगीदाराचा विश्वास तिच्यामुळेच टिकतो.

मोठ्या रकमेच्या बक्षिसांची एक स्पर्धा भरवून पुढे वर्षभर शांत बसणे सोपे आहे. दर आठवड्याला ठरल्या वेळी खोलीचे कुलूप उघडणे अवघड आहे. सांगलीला जे साधले, ते या दुसऱ्या मार्गाने. दिग्रसमधील शिक्षक, वाचनालये, युवक मंडळे आणि बाहेरगावी स्थिरावलेले येथील रहिवासी यांनी मनावर घेतल्यास तो मार्ग येथेही चोखाळता येईल. प्रत्येक मूल ग्रँडमास्टर होणार नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. चाल करण्यापूर्वी क्षणभर थांबणारी पिढी घडली, तरी ती या तालुक्याची मोलाची ठेव ठरेल.