आधी मोबाईल, मग लॅपटॉप

मागच्या भागात आपण एचटीएमएल आणि सीएसएस यांची कामं पाहिली. आज प्रश्न असा, की वेबसाईटची रचना कुठल्या स्क्रीनपासून सुरू करायची? माझं उत्तर आहे, मोबाईलपासून.

बरेच जण उलटं करतात. लॅपटॉपवर तीन रकान्यांचं देखणं पान तयार होतं, सगळे खूश होतात आणि शेवटी कुणीतरी विचारतं, "मोबाईलवर कसं दिसतंय?" मग दाटीवाटी सुरू होते.

'मोबाईल फर्स्ट' हा विचार ल्यूक व्रोब्लेव्स्की यांनी २००९ मध्ये मांडला. २०१० मध्ये इथन मार्कॉट यांनी 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाईन' ही संज्ञा रूढ केली. या दोन्हींत गल्लत करू नका. पान प्रत्येक स्क्रीनप्रमाणे जुळवून घेतं, ते रिस्पॉन्सिव्ह. रचना लहान स्क्रीनपासून सुरू करायची, ते मोबाईल फर्स्ट.

एक उदाहरण घेऊ. समजा, इंदूर किंवा बडोद्यातल्या एका मराठी वाचनालयाची वेबसाईट करायची आहे. लॅपटॉपवर सरकती चित्रं, अध्यक्षांचं मनोगत, इतिहास, सगळं मावतं. मोबाईलवर पहिल्या नजरेत तीन-चारच गोष्टी बसतात. मग ठरवावंच लागतं: वाचनालय आज उघडं आहे का, पुस्तक शोधायचं कुठे, फोन नंबर काय? हे वर. मनोगत खाली. हा क्रम ठरवणं हेच खरं डिझाईन. रंग आणि सजावट नंतर.

आता कोड. पहिली गोष्ट, व्ह्यूपोर्ट टॅग. तो नसेल तर मोबाईलचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं समजतो आणि आक्रसून दाखवतो. अक्षरं मुंगीएवढी होतात. दुसरी गोष्ट, मूळ सीएसएस एका रकान्याचं, मीडिया क्वेरीशिवाय लिहा. मग 'मिन-विड्थ' वापरून, म्हणजे "रुंदी एवढी किंवा जास्त असेल तर", दुसरा रकाना जोडा. लहान फोनला साधे नियम मिळतात, मोठी स्क्रीन त्यात भर घालते.

मोबाईलवर नको असलेलं चित्र 'डिस्प्ले नन' करून लपवू नका. इमेज टॅगमधलं चित्र दिसलं नाही तरी सहसा डाउनलोड होतंच. वाचकाचा डेटा जातो, हाती काही लागत नाही.

बटणं अंगठ्यासाठी असतात. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यता मानकात एए पातळीसाठी, काही अपवाद वगळता, किमान २४ पिक्सेलचा आकार सांगितला आहे. मी ४४ धरतो. फोन नंबर दाबताच कॉल लागेल असा दुवा द्या. सभासद क्रमांकाच्या रकान्यात आकड्यांचाच कीबोर्ड उघडू द्या.

आता आपल्या लिपीबद्दल. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी आणि खाली उकार असतो. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींचं अंतर ठेवलं तर मजकूर दाटतो. मी अंतर १.६ पट किंवा जास्त ठेवतो. 'लेटर-स्पेसिंग' वाढवू नका, शिरोरेषा तुटते. बटणाची रुंदीही ठरावीक ठेवू नका. इंग्रजीत 'सबमिट' मावतं, मराठीत 'अर्ज सादर करा' दोन ओळींवर जातं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाईल मोठी असू शकते, म्हणून एक-दोनच वजनं घ्या.

गूगलने 'मोबाईल-फर्स्ट इंडेक्सिंग' २०१६ मध्ये जाहीर केलं आणि जुलै २०१९ पासून नव्या साईट्ससाठी तेच मूळ धोरण झालं. म्हणजे शोधासाठी तुमच्या पानाची मोबाईल आवृत्ती वाचली जाते. तिथून मजकूर गाळलात, तर शोधातूनही तो गेला.

पण गूगलपेक्षा माणूस मोठा. ज्याच्या घरी लॅपटॉपच नाही, त्याच्यासाठी मोबाईलवरचं पान ही धाकटी आवृत्ती नसते, तीच एकमेव वेबसाईट असते. तिथे अर्जाचं बटण सापडलं नाही, तर त्याच्यापुरती ती सोय अस्तित्वातच नाही.

या भागाचा अभ्यास: तुमचं पान एखाद्या साध्या, जुन्या फोनवर, भर उन्हात, एका हाताने वापरून पाहा. जिथे अडखळाल, तिथून दुरुस्ती सुरू करा. पुढच्या भागात चित्रं हलकी कशी करायची ते पाहू.