मुदत पैशांची, नजर आपली

बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘मुदत’ हा शब्द नवा नाही. पण मुदत संपली की खातेदाराचे स्वतःचेच पैसे बुडतात, असं खातं मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. ते अमेरिकेत आहे. न्यू जर्सीतल्या माझ्या पुतणीमुळे त्याची ओळख झाली.

‘फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट’ हे त्याचं नाव. औषधपाण्यासाठी वर्षाला किती पैसे बाजूला ठेवायचे ते नोकरदाराने आधीच ठरवायचं. कर लागण्यापूर्वीच ते पगारातून कापले जातात. २०२५ साली ही मर्यादा ३,३०० डॉलर होती. त्यातून चष्मा घेता येतो, तसंच लॅसिकही करता येतं, कारण तिथलं करखातं लॅसिकला हौस न मानता दृष्टिदोषावरचा उपचार मानतं. गंमत पहा, ठरवलेली सगळी रक्कम पहिल्या दिवसापासून खर्चता येते, हप्ते मागाहून कापले जातात. म्हणजे बिनव्याजी ओव्हरड्राफ्टच! वर्षअखेरीस उरलेले पैसे मात्र जातात. काही कंपन्या थोडी रक्कम पुढे नेऊ देतात किंवा अडीच महिन्यांची सवड देतात, इतकंच.

दुसरं ‘हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट’, २००३ च्या कायद्याने आलेलं. त्यातले पैसे बुडत नाहीत. नोकरी बदलली तरी आपलेच राहतात. पण त्यासाठी सुरुवातीचा मोठा खर्च स्वतः सोसायला लावणारी विमा पॉलिसी घ्यावी लागते. निरोगी माणसाला हे परवडतं. घरात कायमचं दुखणं असेल, तर दहादा विचार करावा लागतो.

गेल्या डिसेंबरात पुतणीचा फोन आला. ‘‘काका, पैसे बुडतील. लेसर उरकून घेऊ का?’’

मी आकडे मांडले. २२ टक्के कराच्या टप्प्यातल्या माणसाचा ३,३०० डॉलरवर ७२६ डॉलर उत्पन्नकर वाचतो. उरलेले स्वतःच्याच खिशातले. याला सवलत म्हणावं, बक्षीस नव्हे.

शिवाय डोळ्याचा हिशेब निराळा. लॅसिकसाठी चष्म्याचा नंबर किमान वर्षभर स्थिर असावा लागतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पुरेसा जाड हवा. कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस बंद ठेवूनच मोजमाप घेतात. गरोदरपणात आणि मूल अंगावर पीत असताना नंबर हलू शकतो. पुतणीचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं.

तिने त्या पैशांत नवा चष्मा आणि लेन्स घेतल्या. बुडाले ते फक्त चाळीस डॉलर.

मार्च महिन्यात कर वाचवायला घाईघाईने पॉलिसी घेणारे खातेदार मी टेबलापलीकडे पुष्कळ पाहिले. कागदाची घाई एकवेळ निस्तरता येते. लेसरने कोरलेला पडदा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून तिकडच्या लेकीसुनांना एवढंच सांगावंसं वाटतं : आधी डोळे तपासून घ्या, डॉक्टरांनी होकार दिला की मगच पुढच्या वर्षाची रक्कम ठरवा.